चांद्याचा खुराक

पोळ्याला गावातून सगळ्यांत पुढं आपलीच जोडी निघणार, हे कडूबानं दुसरबीडात पानटपरीपासून पारापर्यंत सांगून ठेवलं होतं. हा मान यंदा पहिल्यांदाच घरी आला होता. हरण्या तयारच होता, चांद्या मात्र जरा हडकुळा. म्हणून कडूबानं तळ्याकाठचं निसवलेलं गवत खास त्याच्यासाठी कापून आणलं. कणसांत काळे लांबट दाणे ठासून भरलेले.

"पाह्य, कसा काळा दाना! काजू-बदामच समज," तो बायकोला, झुंबरबाईला म्हणाला. हरण्याला नुसता कडबा.

पाचव्या दिवशी चांद्या लंगडायला लागला. कान गार, खुरं गार, शेपटीचं टोक गार!

"थंडी भरली त्याले," असं म्हणून कडूबानं श्रावणाच्या उकाड्यात बैलावर घोंगडी टाकली. बैल धापा टाकू लागला. मग मिरच्यांनी दृष्ट काढली. चांद्या ठसकला, कडूबाही ठसकला. शेवटी अशक्तपणाच असणार, म्हणून त्यानं खुराक दुप्पट केला.

"अहो, कडबा खानारा हरण्या खणखणीत हाये. चांद्याच काऊन गारठला?"

"तुले काय समजते बैलातलं?"

झुंबरबाईनं खुराकाची पाटी उचलली. चार दिवसांनी जनावरांच्या डॉक्टर धम्मशीला आल्या. त्यांनी घोंगडी काढायला लावली, गवत चोळून पाहिलं.

"काका, या काळ्या दाण्यांत बुरशीचं विष आहे. त्यानं रक्ताच्या नळ्या आवळतात. कान, खुरं, शेपटीपर्यंत रक्तच पोचत नाही. पुढं शेपटी वाळून गळते." त्यांनी शेपटी चाचपली. "पण ही तर गरम व्हायला लागलीय! दुप्पट विष खाऊन?"

"खाल्लं कुठं?" झुंबरबाई म्हणाली. "चार दिसांपासून ह्यांचा खुराक मी खड्ड्यात पुरून राह्यले. त्याले कडबाच घालते."

कडूबा आधी तापला, मग ओशाळला आणि संध्याकाळी छाती फुगवून पारावर पोचला. "डॉक्टरीणबाईच्या चार दिस आंधी आमच्या घरी इलाज झाला, बे!"

पोळ्याला चांद्या सरळ पायांनी उभा होता. बायांनी दारात ओवाळायचं, बैल बाप्यांनी न्यायचे, असा गावचा रिवाज. कडूबानं कासरा झुंबरबाईच्या हातात दिला.

"अहो, लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. चाल पुढं."

"कडूबा, जोडी तुही का वहिनीची?" गर्दीतून पारावरचा इंद्रभान ओरडला.

"जोडी तिची!" कडूबा ताठ मानेनं म्हणाला. "खुराक तेवढा माहा होता."

झुंबरबाईनं पदर खोचला आणि जोडी तोरणाखालून काढली.