गुप्त मित्राची उघडी सेटिंग्ज

"यंदा कुणाला काही कळणार नाही! माझ्या प्रोग्रॅममधून मुंगीसुद्धा आत शिरायची नाही!" दुवानने छाती ठोकून सांगितलं.

सप्टेंबर आला की पेरेइरा शहरातल्या त्यांच्या छोट्याशा वेबसाइट कंपनीत 'गुप्त मित्र' हा खेळ सुरू व्हायचा. ज्याचं नाव आपल्याला येईल त्याच्या टेबलावर चोरून गोड ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी तोंड दाखवायचं. आजवर टोपीतून चिठ्ठ्या निघत आणि हिशेब बघणाऱ्या दोन्या रुबिएला, म्हणजे रुबिएलाबाई, टोपीत डोकावत. म्हणून यंदा दुवानने चिठ्ठ्या सर्व्हरवर पाडल्या.

आता, ऑफिसातल्या युरानीचं नाव आपल्यालाच यावं म्हणून सर्व्हरवरच्या सेटिंग्जमध्ये त्याने एक ओळ हळूच घातली होती: 'दुवानला युरानीच द्यावी.' पुढे टीप: 'कारण: तिचं हसू.' सर्व्हर म्हणजे बंद माजघर, तिथे कोण बघतंय!

पण ब्राउझरमधल्या पानावर शेवटची तारीख दाखवायची होती, आणि ती त्याच सेटिंग्जमध्ये होती. तेवढी एकच काढून पाठवायची, तर पठ्ठ्याने कंटाळा केला आणि अख्खी सेटिंग्ज पानासोबत ब्राउझरला देऊन टाकली. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि याने तिला घराची किल्लीच दिली! पानावर दिसत होती फक्त तारीख. बाकी सगळं मागे उघडंच.

दुवान खुशीत रोज युरानीच्या टेबलावर पेरूच्या वड्या ठेवू लागला.

"पोरा," एके दिवशी दोन्या रुबिएला म्हणाल्या, "पेरू पुरे आता. तिला अरेकिपे आवडतं, ते आटवलेल्या दुधाचं गोड."

"कुणाला?"

"हसू असलेलीला!"

दुवानने कॉफीचा कप खाली ठेवला. "तुम्हाला... कसं कळलं?"

"अरे, कीबोर्ड पुसत होते. वरचं कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि पानाची आतडीच बाहेर आली! मला वाटलं, मशीन बिघडलं. म्हणून पलीकडच्या टेबलावरच्या विल्मरला बोलावलं."

"विल्मरला?"

"त्याने बाकीच्यांना बोलावलं."

पलीकडून विल्मर ओरडला, "भावा, टीप झकास आहे!"

दुवान धावत आपल्या मशीनकडे गेला. दोन दिवस सुट्टीवर गेलेली युरानी उद्या परतणार होती. तिने हे वाचलं तर ती पुन्हा आपलं तोंडसुद्धा बघणार नाही! पानाच्या आत कुणी डोकावू नये म्हणून त्याने आधी माउसचं उजवं बटण बंद केलं. विल्मरने कीबोर्डवरून पानाची आतडी पुन्हा बाहेर काढली. मग दुवानने मजकुराची अक्षरं उलटसुलट केली. विल्मरने ती चहा पिता पिता सुलट केली. शेवटी दुवानने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं तेच केलं: सर्व्हरकडून फक्त तारीख पाठवली. आणि घाबरून ती ओळच पुसून टाकली.

एक गोष्ट मात्र तो विसरला. सेटिंग्ज बदलली की चिठ्ठ्या नव्याने पाडायच्या, असं त्यानेच प्रोग्रॅमला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुवानच्या नावापुढे दोन्या रुबिएला, आणि युरानीच्या टेबलावर विल्मरने ठेवलेलं, अर्धं खाल्लेलं केळ्याच्या वेफर्सचं पाकीट!

युरानी तरातरा दुवानकडे आली. "माझ्या वड्या बंद कुणी केल्या?"

"कसल्या वड्या?"

"सोंग करू नकोस! सेटिंग्जमधली ओळ कुठे गेली?"

दुवानला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. "तू... पाहिली होतीस?"

"मी टेस्टर आहे, बाबा! लोकांच्या चुका शोधायचा पगार घेते. पहिल्याच दिवशी पाहिली."

"मग नोंदवली का नाहीस?"

"नोंदवली असती तर तू दुरुस्त केली असतीस ना!"

हे डोक्यात शिरायला दुवानला बराच वेळ लागला. शिरलं तेव्हा कान लाल झाले. "शनिवारी... कॉफीला येशील?"

"येईन. पण मला पेरू नको."

शनिवारी दुवान इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत पोहोचला. कोपऱ्यातल्या टेबलावर युरानी हसत बसली होती. शेजारी विल्मर, पलीकडे दोन्या रुबिएला, आणि मागे जोडलेल्या दोन टेबलांवर उरलेलं ऑफिस.

"तुम्ही इथे कसे?"

"वा रे वा!" दोन्या रुबिएलांनी केकचा घास तोंडात टाकला. "सुरुवातीपासून आम्ही बघतोय आणि ऐन रंगात आलं की घरी बसू? खुर्ची घे पोरा, आणि चालू कर!"