आप्पांचा पुढचा पाटा

लातूर नवाच जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या कचेरीत नवाच कारकून. उस्मानाबादहून बदलून आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी हिने माझ्या हातात दोन घागरी दिल्या. "टँकर आला की नंबर लावा. एवढं तरी जमेल?"

जमलं. गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली एक भलीमोठी हिरवी गाडी उभी होती. मागून अगदी टँकर. मी घागरी मांडून ऐटीत उभा राहिलो. माझ्यासारखी बदलून आलेली आणखी चार माणसं माझ्यामागे येऊन उभी राहिली. जुने लातूरकर ओट्यावर बसून कौतुकाने बघत होते. नळ काही दिसेना, म्हणून मी पुढच्या बाजूला जाऊन वाकलो. चाकाशेजारून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. हळूहळू त्यांच्यामागून धोतर आलं, बंडी आली आणि शेवटी चेहरा आला.

"साहेब, पाणी न्हाई. ग्रीस हाय. घालू का घागरभर?"

हे विश्वनाथ आप्पा. किराण्याचं दुकान मुलाच्या हवाली करून गाडीखाली राहायला गेलेले गृहस्थ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि त्याखाली, चुकून ओढलेला, ग्रीसचा चौथा.

ती गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. बिदरकडच्या कुण्या जहागीरदाराने शिकारीला जायला बांधून घेतलेली. आत पलंग, तोंड धुवायचं भांडं, स्टोव्हची जागा, खिडक्यांना पडदे. आप्पांनी ती उदगीरच्या भंगारातून उचलून आणली होती. इंजिन मनात आलं तर सुरू व्हायचं, हॉर्न मुका होता, मागचं दार सुतळीनं बांधलेलं. त्याचं आप्पांना काहीही नव्हतं. त्यांचा सगळा जीव पुढच्या पाट्यांत. पाटे म्हणजे चाकाच्या वर धनुष्यासारख्या वाकवून एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. रस्त्याचा दणका त्या गिळतात, वर येऊ देत नाहीत.

दर सोमवारी आप्पा दोन पूजा करत. पहिली देवघरात, दुसरी गाडीखाली. जॅक लावायचा, पाटे सैल करायचे, पट्ट्यांच्या फटीत बोटाने ग्रीस भरायचं आणि वरून जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळायच्या, बाळंतिणीचं पोट बांधावं तशा. मग बोल्ट आवळताना कान लावून ऐकत. "जरा कुरकुरून राहिलाय उजवा. रात्री झोप न्हाई झाली त्याला."

"आप्पा, इंजिनकडे बघा की," मी एकदा म्हणालो.

"इंजिन गाडी वढतंय, साहेब. पाटा माणूस सांभाळतोय. पुढचं नीट करा, मागचं आपुआप येतंय."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर कशालाही चालायचं. आमच्या नव्या कचेरीला मागच्या बाजूने अजून भिंतच नाही असं मी सांगितलं, तेव्हाही ते म्हणाले, "पुढं दार हाय ना? मग झाला की जिल्हा."

पाट्यांची परीक्षा व्हायची पाण्याने. पलंगावर काठोकाठ भरलेलं पितळी फुलपात्र ठेवायचं आणि गल्लीला एक फेरी मारायची. थेंब सांडला की आप्पा नापास. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उन्हात बसलेल्या, त्या कशाला सोडतात! "आमच्या घशाला कोरड, अन् आप्पाची गाडी पाणी पिऊन राहिली!" आप्पा हसायचे. पण मी पाहिलं होतं, जेवढं सांडलं तेवढं त्या दिवशी ते स्वतः कमी प्यायचे.

एकदा फुलपात्रावर नजर ठेवायला त्यांनी मला पलंगावर आडवं केलं. मारुतीच्या देवळाशी खड्डा आला आणि सगळं पाणी माझ्या शर्टावर. तसाच कचेरीत गेलो. साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "दुष्काळ फक्त आमच्याच घरी आहे का हो?"

संध्याकाळी मी चिडून विचारलं, "आप्पा, एवढं कशासाठी? आणि पुढचेच पाटे का?"

आप्पांनी पलंगावरून हात फिरवला. पलंग ड्रायव्हरच्या लगेच मागे, बरोबर पुढच्या चाकांवर होता.

"हितं ती निजणार हाय."

आप्पांच्या मंडळी महानंदाकाकू अंगणात घसरून पडल्या तेव्हापासून त्यांची पाठ अंथरुणाला टेकलेली. उठून बसता यायचं, तेवढंच. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माहेर अर्धापूरचं, भावाची केळीची बाग. त्या भावाचा निरोप आला होता की विहीर तळाला गेली, पुढच्या महिन्यात बाग मोडतो.

"काई मागत न्हाई ती कधी," आप्पा म्हणाले. "परवा म्हनली, बाग हाय तवर एकदा केळीच्या सावलीत पडावं वाटतंय."

मग त्यांनी पडदे ओढले. बाहेर तापलेली गल्ली हिरवट होऊन गेली, पाण्याखालून बघावी तशी. गाडी जागची हलली नव्हती, पण आप्पांनी स्टेअरिंग धरलं आणि हळू आवाजात सांगू लागले, "हे अहमदपूर आलं. चहा घ्या. आता लोहा. आता नांदेड, पुलावरून सावकाश, गोदावरीत निस्ती वाळू हाय. आता बघा, वारा गार झाला का न्हाई?" खरं सांगतो, झाला होता. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ पलंगावर पडली होती, आणि मला तिथे मोठाल्या पानांची सावली हललेली दिसली.

पुढच्या सोमवारी दोघं निघाले. काकूंना खाटेसकट गाडीपाशी आणून आतल्या पलंगावर निजवलं. उशाशी भरलेलं फुलपात्र. आप्पा स्टेअरिंगवर बसले. "थेंब सांडला तर मागं फिरवीन," ते म्हणाले. काकू पडद्याआडून म्हणाल्या, "चला की आता, बाग काय थांबून ऱ्हाती का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी चिंचेखाली आली. आप्पांनी उतरल्या उतरल्या आत डोकं घातलं आणि फुलपात्र दोन्ही हातांत धरून बाहेर आले. काठोकाठ भरलेलं!

"साहेब, जाऊन येऊन थेंब सांडला न्हाई!" म्हातारा रडत होता. "प्या तुमी. तुमचा शर्ट भिजवला होता."

मी प्यालो. आमच्या टँकरच्या पाण्याला गंजाचा वास यायचा. हे थंड होतं, गोड होतं.

"गोड आहे हो, आप्पा!"

"न सांडल्यालं पाणी गोडच लागतंय," आप्पा म्हणाले आणि पुढच्या चाकाशी बसून पाट्यावरून हात फिरवू लागले.

घरी येऊन मी हिला पाट्यांची थोरवी सांगायला लागलो. ही काकूंच्या केसातली माती विंचरून आली होती, बागेतली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"गाडी वाटभर आपटत होती," ती म्हणाली. "अहमदपूर यायच्या आधीच काकूंनी ते पाणी पिऊन टाकलं, सांडायला नको म्हणून. अर्धापूरला आप्पांना फुलपात्र बघूच दिलं नाही, घरी गेल्यावर बघा म्हणाल्या. येताना भावाने विहिरीच्या पाण्याची कळशी दिली होती. आपली गल्ली दिसल्यावर त्यातनं भरलं. पाठ मोडून निघाली बाईची, पण चेहरा बघाल तर नव्या नवरीचा. आप्पांना सांगाल तर याद राखा. आणि उद्या टँकरला जाताना आधी पुढून बघून घ्या."