वरच्या मजल्यावरचा गांजा आणि मी

"...गांजाचं आज संध्याकाळी सहाच्या आत पाठवते, सर. नंतर ते घेत नाहीत. गेल्या वर्षी परत आलं होतं, यंदाही आलं तर माझं सगळं बंदच..."

एवढं कानावर पडलं आणि लिफ्टचं दार मिटलं.

मी लिफ्टशेजारच्या कुंडीला पाणी घालत होते. (कुंडीत झाड नाही. पण तिथून ऐकू छान येतं.) फोनवर बोलणारी होती आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहणारी मुलगी. ती विद्यापीठात शिकते की शिकवते, हे मला अजून नीट कळलेलं नव्हतं, आणि ही माझ्या लौकिकाला शोभणारी गोष्ट नाही.

घरात येऊन मी यांना म्हटलं, "ऐकलंत का, वरची पोरगी गांजा पाठवते."

"कुणाला?"

"ते कळायच्या आत दार मिटलं."

"म्हणजे अर्धंच ऐकलंस."

"पोलिसांना अर्धं पुरतं."

माझा पाय मुरगळला होता तेव्हा हीच पोरगी रोज डोकावून जायची. तिला वाचवणं भाग होतं. यांना मी खाली फाटकापाशी उभं केलं, कुरियरवाला आला की परत पाठवायचं सांगून. आणि मी वर गेले. सहा वाजेपर्यंत तिला बोलण्यात गुंतवायचं, एवढाच माझा बेत. तेवढं माझ्याच्यानं सहज होतं.

ती लॅपटॉपसमोर बसली होती. "काकू, आत्ता जरा कामात आहे हो."

"माहीत आहे मला काय काम आहे ते. पाठवू नकोस."

तिचा चेहरा पडला. "का? सरांना तर आवडलं."

"सरही यात आहेत?"

"त्यांचंही नाव घातलंय ना."

"नावं घालतेस? आणि उद्या कुणी तपासलं तर?"

"तपासणारच, काकू. तिघंजण तपासतात. म्हणून तर सगळे पुरावे जोडलेत."

एवढी भोळी गुन्हेगार मी पाहिली नव्हती. आता बोलण्यानं भागणार नव्हतं. मी वाकून भिंतीतला प्लग उपटला.

लॅपटॉपचा पडदा काळा झाला. (त्याची बॅटरी केव्हाच मेली होती, हे मला कुणी सांगायचं?) पोरगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "साइटवरच लिहीत होते, काकू. गेलं सगळं."

मग कळलं ते असं. काही दुखण्यांवर डॉक्टर गांजापासून केलेलं औषध लिहून देतात. रुग्ण ते घेतात, पण लोक काय म्हणतील म्हणून लपवतात आणि मधेच सोडून देतात. ही पोरगी अशा रुग्णांना भेटून त्यावर संशोधन करते. गांजावर संशोधन करणाऱ्यांची मोठी परिषद भरणार होती. तिथं बोलायला मिळावं म्हणून प्रस्ताव पाठवायचा होता, आणि यंदा निवड झाली नाही तर विद्यापीठातली तिची जागा जाणार होती.

तेवढ्यात हे वर आले, खुशीत. "परत पाठवलं कुरियरवाल्याला."

"कुणाचं पार्सल होतं?"

"ते विचारायचं राहिलं." (माझ्या शिलाई मशीनचा पट्टा होता. पुढं आठवडाभर मी पडदे हातानं शिवले.)

सहाला थोडाच वेळ उरला होता. पण आमचे हे जन्मभर कचेरीत टायपिस्ट. मी प्लग परत लावला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पोरीला म्हटलं, "तू सांगत जा, हे टाइप करतील."

ती भराभर सांगायला लागली. ह्यांची बोटं अशी पळत होती की मला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. एक बाई औषध पिठाच्या डब्यात लपवायच्या, असं ती म्हणाली तेव्हा मला राहवलं नाही. "आणि शेजारणीनं तो डबा उघडला नाही? मी पहिल्याच दिवशी उघडला असता. पीठ मागायच्या निमित्तानं."

सहाच्या ठोक्याला प्रस्ताव गेला. मग पोरीनं तो पहिल्यांदा वाचला आणि खुर्चीला टेकली.

"काकू, यात तुम्हीही आहात."

कानावर पडेल ते उमटवायचं, अर्थ साहेबांनी लावायचा, ही ह्यांची नोकरीभरची शिस्त. पिठाचा डबा, माझं निमित्त, सगळं त्यात गेलं होतं. मधे एकदा मी "पंखा वाढव गं" म्हटलं होतं, तेही.

पुढचे काही आठवडे मी जिन्यात तिला टाळत होते. (माझ्यासारखीला हा उपासच.) मग एके दिवशी तीच दारात आली. निवड झाली होती. जागाही टिकली. मला इतका आनंद झाला की काय ऐकलं होतं त्याचा हिशेबही मी मोकळेपणानं मांडला: गांजा खरा होता, पाठवणं खरं होतं, सहाची वेळही खरी. पोलीस तेवढे माझ्या पदरचे.

"तपासणाऱ्यांनी एकच बदल सुचवलाय," ती चाचरत म्हणाली आणि वाचून दाखवलं, "उदाहरणातील शेजारीण मजेदार आहे, पण इतकी चौकस बाई प्रत्यक्षात असणं शक्य वाटत नाही. पात्र काल्पनिक असल्यास वगळावं."

मी यांच्याकडे पाहिलं. निदान नवऱ्यानं तरी बाजू घ्यावी.

"माझी चूक नाही," हे म्हणाले. "मी तर बरंच कमी करून टाइप केलं होतं."