एका वायफायवर आईचं डोकं

धाकट्याच्या संगणकावर आईचं डोकं एक्केचाळीस टक्क्यांवर येऊन अडकलं होतं. म्हणजे डॉक्टरांना पाठवायला घेतलेली डोक्याच्या स्कॅनची फाइल. आत गाठ होती, आणि ती काढायची की नाही हे सांगणारे मोठे डॉक्टर आज संध्याकाळीच परदेशी निघणार होते, ते थेट महिन्यानं परतणार. "निघायच्या आत फाइल आली तर बघतील, नाहीतर आल्यावर," असं त्यांच्या मदतनीस बाईंनी बजावलं होतं. गाठ काय महिनाभर डॉक्टरांची वाट बघत बसणार होती थोडीच!

"दादाच असणार," धाकटा दात खाऊन म्हणाला. "मॅच बघत बसलाय. सगळी लाइन एकट्यानं खाल्ली!"

थोरल्याशी त्याचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. वडील गेले, घराची वाटणी झाली, मधोमध भिंत उभी राहिली. आईनं हट्टानं त्या भिंतीत एक दार ठेवायला लावलं, तेवढंच काय ते. इंटरनेटची मात्र वाटणी करता येईना, म्हणून राउटर दाराच्या चौकटीवर ठोकला होता. ना याच्या घरात, ना त्याच्या.

धाकट्यानं स्टुलावर चढून राउटर बंद केला, मग चालू केला. दादाची मॅच ऐन रंगात तुटली असेल या विचारानं त्याला जरा बरं वाटलं. येऊन बघतो तर स्वतःची फाइलही शून्यावर. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती रखडत तिशीला पोचतेय तोच दारापाशी पलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला. राउटरचे दिवे गेले, आले. पुन्हा शून्य.

"बघितलंस, आई? सूड उगवतोय!"

"तुमचे सूड उगवून होईपर्यंत मी काही राहत नाही," आई काठी टेकत उठली. "थांब, मीच बघते त्याच्याकडे."

ती दारातून पलीकडे गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. खुर्चीत बसून आधी तिनं दम खाल्ला.

"मॅच नाही बघत तो. माझंच डोकं पाठवतोय."

"काय?"

"स्कॅनवाल्यांकडून तूही सीडी मागून आणलीस, त्यानंही आणली. घर तेवढं वाटून घेतलंत, बाकी काही वाटून घ्यायची अक्कल नाही. त्याला म्हटलं, अरे, पलीकडेही हेच चाललंय. तर डोक्याला हात लावून बसला."

धाकट्यानं दाराकडे बघितलं. आपण दादाला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या! आणि तो बिचारा आईसाठीच धडपडत होता. शेवटी रक्ताचं नातं ते. त्याचा संगणकही नवा आहे, त्याचंच आधी जाईल. आपण वाटेतून बाजूला व्हावं हेच खरं.

त्यानं फाइल थांबवली. पलीकडे सगळं शांत होतं. जात असेल नीट, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. आईसाठी त्यानं चहा टाकला, आणि खूप दिवसांनी त्यात साखर बरोबर पडली.

चहा संपला आणि फोन वाजला. मदतनीस बाई होत्या.

"डॉक्टर निघाले हो आत्ता. तुमची फाइल आलीच नाही."

"नीट बघा. माझ्या भावानं पाठवलीय."

"कुणाकडूनच काही आलेलं नाही."

धाकटा धावत दाराशी गेला. थोरला पलीकडून तसाच धावत आला होता. दोन वर्षांनी दोघं समोरासमोर उभे राहिले.

"तुझं गेलं ना?" थोरल्यानं विचारलं.

"माझं? मी तर थांबवलं. म्हटलं, तुझं जाऊ दे."

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, मीही तेच म्हटलं!"

 दोघं हळूच आईकडे वळले. आईनं रिकामा कप खाली ठेवला.

"भांडा रे बाबांनो, भांडा," ती म्हणाली. "भांडत होतात तेव्हा निदान अर्धं डोकं तरी जात होतं."