घरात कोण गेलं?

आमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता संपून जिथे डांबरी सुरू होतो, तिथे वानखडे सर रोज स्कूटरवरून उतरतात. आधी या बाजूने सांध्याकडे पाहतात, मग पलीकडे जाऊन त्या बाजूने पाहतात आणि शेवटी खुद्द सांध्यावर चप्पल ठेवून उभे राहतात. मागे ऑटोवाले हॉर्न वाजवतात. "दोन्हीकडून सारखंच दिसते," सर त्यांना शांतपणे समजावतात, "पन जागेवर खड्डा हाये." मग स्कूटर हाताने ढकलत पलीकडे नेतात.

सर दारव्ह्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, मी मराठी. शेजार असल्यामुळे गणितातून माझी सुटका नाही. एखादं फंक्शन दोन तुकड्यांत दिलं असेल, तर ते जोडावर सलग आहे की तुटलेलं, हा त्यांचा सगळ्यांत लाडका प्रश्न. भिंतीपलीकडून शिकवणीचा आवाज येतो.

"एक्स दोनपेक्षा कमी, तर एक्स अधिक एक. जास्त, तर पाच वजा एक्स. दोनाजवळ डावीकडून या, तीन. उजवीकडून या, तीनच. अन् खुद्द दोनवर पुस्तकानं देल्लं सात. म्हंजे दोन्ही पाव्हणे तिसऱ्या मजल्यावर येऊन उभे, अन् घरमालक सातव्यावर. तुटलं."

दारव्ह्यात सातवा मजला मी तरी पाहिलेला नाही, पण पोरांना पटतं. तरीही खुद्द दोनवर न पाहता "दोन्ही बाजू सारख्या, म्हणून सलग" असं लिहून मोकळं होणारे असतातच. त्यांच्या पेपरावर सर लाल शाईने एवढंच लिहितात: "घरात कोण गेलं?"

सरांच्या स्वतःच्या घरात ते एकटेच. बायको वारल्यावर मुलगी होती, स्वाती. तिने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं आणि यवतमाळजवळ लोहाऱ्याला शिवणाचं दुकान टाकलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

गेल्या रविवारी मला लोहाऱ्याला काम निघालं. "मी जाऊनच राह्यलो तिकडं," सर म्हणाले. "बसा मागं." माझं काम आटोपल्यावर त्यांनी एका गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली. चालत स्वातीच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेले, थांबले, परत आले. मग वळसा घालून गल्लीच्या दुसऱ्या टोकाने आले. पुन्हा पायरीपर्यंत, पुन्हा माघारी. त्यांनी पाठ फिरवली आणि स्वाती दारात आली. गळ्यात मोजायचा टेप. बापाकडे बघत उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि आत वळली.

"चला," सर म्हणाले. "दुकान बरं चालून राह्यलं तिचं. दर रविवारी पाहून जातो."

मला हसू यायला हवं होतं, आला संताप. "सर, डावीकडून झालं, उजवीकडून झालं. घरात कोण गेलं?"

पेपर हातात पडलेल्या पोरासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. "तिनं हाकललं तं?"

"ती दारापर्यंत आली होती. तुमची पाठ होती तिकडे."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि गेले. मी स्कूटरपाशीच उभा. आतला मशीनचा आवाज थांबला. भांडण ऐकू येईना, काहीच ऐकू येईना. बऱ्याच वेळाने स्वातीच मला बोलवायला आली. डोळे लाल, पण हसत होती. "काका, चहा घ्या ना. बाबा माह्या शिवणी तपासून राह्यले."

आत सर एका बाहीचा जोड आधी सुलट्या बाजूने पाहत होते, मग उलट्या. शेवटी त्यांनी जोडावरच अंगठा ठेवला. "कुठी जोडलं, समजूनच नाही राह्यलं," ते म्हणाले. मान काही वर केली नाही. मला इतकं हायसं वाटलं की चहात साखर नाही हेही मी बोललो नाही.

निघताना स्वातीने भाजीचा डबा दिला, तो मी मांडीवर धरून बसलो. आमच्या गल्लीचा सांधा आला तसा मी सवयीने उतरायच्या तयारीत होतो, पण सरांनी स्कूटर थेट घातली. दोघंही दणकन आदळलो.

"सर, खड्डा होता."

"होता," सर म्हणाले. "भाजी सांडली काय, ते पाहा."