मामींचं गाळलेलं डिझेल

१९५९ सालच्या पौषातला रविवार. मामींच्या अंगणात त्यांच्या ट्रकचा सौदा साडेसात हजारांवर येऊन टेकला होता. हजर माणसं पाच: बाळापूरचे गिऱ्हाईक, मामींचे धाकटे दीर गणपतराव, ड्रायव्हर हमीदभाई, साक्षीला म्हणून शेजारचा मी, आणि आम्हा चौघांकडे पाठ करून डिझेल गाळत बसलेल्या खुद्द मामी.

हो, डिझेल. ड्रमच्या तोंडावर मांजरपाटाचं कोरं फडकं चौपदरी बांधून, पाणी गाळावं तसं.

आमच्या अकोल्याच्या गल्लीत वच्छलाबाईंना मामी म्हणत नाही असा माणूस नव्हता. त्या सगळंच गाळत. दूध गाळत, ताक गाळत, गाळलेलं पाणी पुन्हा गाळत. कोणी गल्लीतली बातमी घेऊन आली, की तिला दारातच अडवत, "गाळून सांग वो बाई, गाळून सांग." एकदा आमच्याकडे चहाला आल्या, तर पदराखालून स्वतःची गाळणी काढली. त्या दिवसापासून आमच्या घरात मामींचं नाव निघालं की भांडी जोरात आपटली जात.

मामा गेल्यावर मागे एक घर आणि हा ट्रक राहिला. मामा स्वतः चालवत; आता हमीदभाई चालवत होता. मी हिशेबाचा माणूस. ट्रक विकून पैसे व्याजी लावले तर बरकत जास्त, हे मी मामींना आकड्यांनी पटवून दिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "तुमचा हिशेब बराबर हाय, तात्या. पण गाडी नाई इकत."

पण गाडीच चालेना. मोर्शीची संत्री भरून निघाली, की चढ आला रे आला, इंजिन दम टाकायचं. आचके द्यायचं, बंद पडायचं. थोडं थांबलं की चालू, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. मागची खेप बाजार उलटल्यावर पोचली आणि निम्मी संत्री सडली. म्हणून गणपतरावांनी गिऱ्हाईक आणलं होतं, विसाराचे शंभर रुपयेही घेतले होते.

"वयनी, आता तरी आयका," गणपतराव म्हणाले. "गाडी म्हातारी झाली."

"गाडी नाई म्हातारी झाली. तिच्या पोटात काईतरी जाऊन राहिलं."

"इतकं गाळून?"

"पंपवालेच मिलावट करतात, मामी," हमीदभाई म्हणाला. बिघाड काहीही असो, त्याचं निदान हेच असे.

"त्याइचं नाव नंतर घे. आधी इंजिनाची गाळणी खोलून दाखव मले."

हमीदभाईने फिल्टर खोलून परातीत ठेवला. वर पांढरट लगदा बसला होता. मामींनी चिमूट घेतली आणि दोन बोटांत वळली. पाहता पाहता समईत लावण्यासारखी वात झाली. मामींनी वातीकडे पाहिलं, मग ड्रमवरच्या फडक्याकडे पाहिलं.

कोऱ्या मांजरपाटाची खळ आणि तंतू डिझेलबरोबर टाकीत जात होते. दर खेपेला मामी नवं फडकं घेत. मामांच्या गाडीला जुनेर लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. ट्रकचं नाक त्या स्वतःच्या हातांनी बुजवत होत्या. पण हे त्यांना सांगणार कोण?

"तात्या," मामी विजयी आवाजात म्हणाल्या, "शोध लागला मले!"

मग त्यांनी ड्रमात काठी घालून वर काढली. टोकाला पाणी आणि गाळ.

"काऊन रे हमीद, पार बुडापासून उपसतं तू?"

"डिझेल वाया जाते ना, मामी."

"रांजणाचं बूड कोनी पेते का? इंजिनाले काऊन पाजतं मंग?"

त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून पिवळा पीतांबर घेऊन आल्या. रेशमाला तंतू सुटत नाहीत. गणपतराव किंचाळले, "वयनी! दादाचा पूजेचा पीतांबर हाय तो!"

"मंग? त्याइनं देवापेक्षा गाडीचीच पूजा जास्त केली." आणि टर्रकन फाडला.

शेवटी असं ठरलं: येत्या खेपेला मोर्शीहून अकोल्यापर्यंत ट्रक एकदाही बंद पडला नाही तर सौदा मोडला, पडला तर मामींनी निमूट सही करायची. नवा फिल्टर बसला. टाकी धुतली. ड्रम धुऊन भरला, हलवायचा नाही अशी तंबी देऊन निवळू दिला, बुडाचं वीतभर डिझेल सोडून वरचं तेवढं पीतांबरातून गाळलं. निघताना फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडलं.

मोर्शीहून निघालो तेव्हा पुढे हमीदभाई, मामी आणि गणपतराव. साक्षीदार वर, संत्र्यांवर. अमरावती गेली, मूर्तिजापूर गेलं. पुढे नाल्याचा चढ आला, ट्रक हमखास बंद पडायचा तो. तिथला एक गाडीवान आमचा ट्रक लांबून ओळखे. बैल आणि दोर घेऊन तो वाटेतच उभा होता; ट्रक ओढून देण्यावर त्याची वरकमाई होती.

"आचका आला का रे?" खालून मामींनी हमीदभाईला विचारलं.

"नाई, मामी."

"आता?"

"नाई ना, मामी!"

इंजिन एका सुरात गुरगुरत राहिलं. अर्धा चढ झाला, पाऊण झाला. गाडीवान दोर हातात घेऊन बाजूला सरला आणि तोंड वासून पाहत राहिला. मामींनी खिडकीतून एक संत्रं त्याच्याकडे फेकलं. "घे! बैलाले सुट्टी दे आज!" ट्रक माथ्यावर चढला तेव्हा मी, संसारी माणूस, करंड्यांवर उभा राहून टोपी उडवली. ती नाल्यात पडली. मी ट्रक थांबवायला सांगितलं नाही.

अकोल्यापर्यंत ट्रक एकदाही बंद पडला नाही. अंगणात उतरल्यावर गणपतराव म्हणाले, "जिंकल्या बाप्पा तुमी. पण वयनी, एक सांगा. व्याज जास्त येत होतं. हे लचांड कायले ठेवता?"

मामींनी पदराने हात पुसले.

"ते गल्लीच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवत. मी चहा ठेवत जाय. आता बिनहॉर्नचाच ठेवते, भाऊजी. एक कप टाकू का दोन, समजत नाई."

हमीदभाई खाली उतरला होता. तो पुन्हा वर चढला, ट्रक मागे घेत वळणापर्यंत नेला आणि तिथून दोनदा हॉर्न वाजवत आला. तोवर मामी आत गेल्या होत्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

विसाराचे शंभर रुपये गणपतरावांनी त्याच संध्याकाळी बाळापूरकरांना परत केले. आणि पगाराशिवाय दरमहा एक रुपया मामी हमीदभाईला देऊ लागल्या, हॉर्नचा. त्यानेही तो कधी नाकारला नाही.