धोटेकाकांचा टिबल्स

धोटेकाकांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बरोबर वर एका झुपकेदार मिशांच्या गोऱ्या माणसाचा फोटो आहे आणि त्या फोटोला चंदनाचा हार आहे. पहिल्यांदा आलेला माणूस फोटोकडे बघतो, मग काकांच्या काळ्यासावळ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मनातल्या मनात घराण्याचा इतिहास जुळवायला लागतो. माझी आई साताऱ्याहून आली होती. तिने चपला काढल्या काढल्या फोटोला नमस्कार केला आणि मग मला हळूच विचारलं, "यांचे कोण रे?" शेजारच्या आयरिश ब्रीडाबाईंचा तर ठाम समज आहे की 'युवर मॅन विथ द मुस्टॅश' म्हणजे काकांचे सासरे. काकांनी तो समज कधी दूर केला नाही.

हा होरेस टिबल्स. शंभरेक वर्षांपूर्वीचा अमेरिकन नाटककार. तुम्ही नाव ऐकलं नसेल. लाजू नका, अमेरिकेतही कोणी ऐकलेलं नाही. जगाच्या पाठीवर टिबल्सची पुण्यतिथी पाळणारं घर एकच, आणि ते आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ कॅरिगालाइन गावात आमच्या समोरच्या रांगेत आहे. त्या दिवशी काका शिरा करतात. मृत्यूची नेमकी तारीख त्यांना माहीत नाही. त्यामुळे ज्या रविवारी तूप ताजं कढवलेलं असेल तो रविवार.

काका मूळचे नागपूरचे. रिंगास्किडीला बंदराशेजारी औषधांचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात ते क्वालिटीत आहेत. औषधाची एखादी बॅच बिघडली की ती का बिघडली हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. त्या कामाचा एक मंत्र आहे, 'लिहिलं नाही तर झालं नाही.' काका तो घरीही पाळतात. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, वरणावर तारीख असते आणि मुदत संपलेल्या वरणाला माफी नसते. एकदा मी त्यांच्याकडे सहज म्हणालो, की काल पाऊस नव्हता. त्यांनी विचारलं, "कशावरून?"

असा माणूस टिबल्सच्या नादी लागल्यावर काय होणार? त्यांनी टिबल्सच्या नाटकांची चौकशी सुरू केली. पहिलं नाटक 'विधवेची छत्री'. न्यूयॉर्कमध्ये तुफान चाललं, टिबल्सने बग्गी घेतली, मिशा वाढवल्या. दुसरं नाटक 'सरोवराचा घटस्फोट'. या नाटकात एक जोडपं सरोवराच्या काठी भांडतं आणि सरोवर बायकोची बाजू घेतं. निर्मात्याने रंगमंचावर खरं पाणी भरलं. पहिल्याच प्रयोगात हौद गळाला आणि पुढच्या रांगेतले रसिक पाय वर घेऊन बसले. दुसऱ्या अंकात तेही गेले. नाटक पडलं.

काकांच्या मते दोष नाटकाचा नाही, प्लंबरचा. "अरे बाबू, हौदाची चाचणीच घेतली नाही ना त्यांनी," ते कळवळून सांगत. "काहून घेतली नाही?" त्यांचा आवाज असा लागे की शंभर वर्षांपूर्वीचा तो प्लंबर आपणच, असं समोरच्याला वाटावं.

हे नाटक त्यांनी मराठीत आणलं आणि एका दिवाळीला आम्हा मराठी मंडळींना वाचून दाखवलं. सरोवराचं काम ते स्वतः करत होते. सरोवराला संवाद नाहीत, नुसतं डुचमळणं आहे. दुसऱ्या अंकात एकेकाला मुलांच्या झोपेची वेळ आठवू लागली. ज्यांना मुलं नव्हती त्यांनाही आठवली. माझ्या मुलीने, जी मराठी समजते पण उत्तर मात्र अस्सल कॉर्कच्या इंग्रजीत देते, जाताना काकांना सांगितलं की 'द लेक वॉज ग्रँड'. कॉर्कमध्ये 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक', तरी काका आठवडाभर खुशीत होते.

मग माझी नोकरी गेली. आमच्या कारखान्याने माझं पूर्ण खातंच बंद केलं. माझं इथलं राहणं कामाच्या परवान्यावर. ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी नाही मिळाली तर बिऱ्हाड उचलून परत जायचं. मुग्धा, माझी बायको, धीर द्यायची, पण तिचाही आवाज स्वयंपाकघरात गेल्यावर बदलायचा. मी सोफ्यावर बसून खिडकीबाहेरचे हिरवे कचऱ्याचे डबे बघत राहायचो. शेजारीपाजारी आले की 'होईल सगळं नीट' म्हणायचे आणि मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं.

धोटेकाका आले ते डबा घेऊन. डब्यावर तारीख होती. बसले आणि म्हणाले, "दुसरं नाटक पडल्यावर टिबल्सने काय केलं माहितीये?"

मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. पण मी उठून जायचो तरी कुठे, घर माझंच होतं.

टिबल्स म्हणे शिकागोला गेला आणि बायकांच्या हॅटच्या दुकानात विक्रेता झाला. बग्गी गेली, मिशा मालकाने कापायला लावल्या. एक दिवस दुकानात एक जाडजूड बाई आली, तिला एकही हॅट बसेना. टिबल्सने शेवटी खिडकीतली फुलदाणी उलटी करून तिच्या डोक्यावर ठेवली. एवढं सांगून काका उठले.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"आज अर्ज टाकला कुठे?"

नव्हता टाकला. काका निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाकला. खरं सांगायचं तर फुलदाणीसाठी टाकला. संध्याकाळी कळलं, की ती बाई एका थिएटरमालकाची आई होती आणि तिला ती फुलदाणी आवडली. असं रोज चालायचं. एक अर्ज, टिबल्सचा एक तुकडा. मुलाखतीत आपटलो त्या दिवशी टिबल्सही आपटला, थिएटरमालकाच्या घोड्याने त्याला चावलं. अखेर मला बंदरापलीकडच्या एका कारखान्यात काम मिळालं, आणि त्याच आठवड्यात टिबल्सचं तिसरं नाटक 'फुलदाणीवाली' न्यूयॉर्कमध्ये दणदणीत चाललं. मुग्धाने पेढे केले. एक पेढा आम्ही फोटोपुढे ठेवला.

पुढच्या गणपतीला आरती झाल्यावर आम्ही काहीजण पत्रावळी घेऊन बसलो होतो. शेजारी केदार होता, सॉफ्टवेअरमधला, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत वारंवार नापास होऊन गावात नावाजलेला. नुकताच पास झाला होता. तो म्हणाला, हे सगळं टिबल्समुळे. दुसरं नाटक पडल्यावर टिबल्स मोटार शिकला, मोटार घेऊन थेट थिएटरच्या दारातून आत घुसला, आणि त्यावरून त्याने जे प्रहसन लिहिलं ते तुफान चाललं.

मी म्हटलं, "दुसरं नाटक पडल्यावर तो हॅट विकत होता."

समोर सायली होती. इथल्या विद्यापीठात शिकते, तिचा प्रबंध परत आला होता आणि वर्षभर ती कोणाला तोंड दाखवत नव्हती. ती म्हणाली की दोघंही चुकताय. दुसरं नाटक पडल्यावर टिबल्स सासूच्या शेतावर राहिला आणि त्याने बदकं पाळली. बदकांना वाचून दाखवत त्याने तेच नाटक पुन्हा लिहिलं आणि ते गाजलं.

आम्ही पुष्कळ हिशेब केला. हॅट, मोटार आणि बदकं एकाच हिवाळ्यात बसवायचा प्रयत्न केला. केदार म्हणाला, बदकं मोटारीत असतील. मग हळूहळू तिघांच्याही लक्षात आलं, की काकांनी प्रत्येकाला वेगळा टिबल्स सांगितला होता.

त्या रविवारी दुपारी मी काकांकडे गेलो. ते गोळाभात करत होते, डाळीचे गोळे वळत होते. मी काहीच प्रस्तावना न करता विचारलं, की दुसरं नाटक पडल्यावर टिबल्सचं खरं काय झालं.

काकांनी हातातला गोळा पुरा केला, ताटात ठेवला.

"तिसरं पडलं," ते म्हणाले. "चौथं कोणी घेतलंच नाही. मग कुठल्याशा गोदामात नोकरीला लागला. तिथेच गेला."

"मग वर कधी आला?"

"नाही आला."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सपाट आवाजात, एखादा अहवाल वाचावा तसं. ते या देशात नवे असताना एक मोठी बॅच वाया गेली आणि खापर त्यांच्यावर फुटलं. चूक त्यांची नव्हती, पण हे सिद्ध व्हायला फार काळ गेला. तोवर कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कोणी बसत नसे. अशाच एका शनिवारी कॉर्क शहरात पावसापासून आडोसा म्हणून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. टिबल्सच्या नाटकांचं पुस्तक हाताला लागलं. सुरुवातीला त्याचं चरित्र होतं.

"वाचत गेलो," काका म्हणाले. "म्हटलं, आता वर येईल. या पानावर नाही तर पुढच्या पानावर येईल. आणि बाबू, चरित्रच संपलं. मला इतका राग आला. एवढं सोसलं त्याने, आणि एक माणूस नाही भेटला त्याला वर काढणारा?" ते पुन्हा गोळा वळायला लागले. "मग आपणच काढलं. ज्याला जसं लागेल तसं."

आयुष्यभर ज्या माणसाने एका आकड्याची खाडाखोड केली नव्हती, त्याने एका मेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य फिरवून टाकलं होतं. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, "लिहिलं कुठे मी?"

भात झाला. त्यांनी मला न विचारताच दोन ताटं घेतली आणि वर गरम फोडणीचं तेल घातलं. खाताना माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं या घरात येतोय, पण काकांसोबत जेवायला दुसरं कोणी बसलेलं मी कधी बघितलं नाही. काकांच्या पत्नी मंदाकाकू नागपूरला स्वतःच्या आईच्या आजारपणासाठी गेल्या होत्या, आम्ही इथे राहायला येण्याच्याही आधी. आई गेल्याचं मागेच कानावर आलं होतं. त्यापुढचं कोणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

"ग्रँड," काका म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक गोळा वाढला. "येत्या उन्हाळ्यात येऊन राहिली ना ती. या वेळेस पक्कं आहे. म्हणत होती, तिकडचं घर आवरलं की निघतेच."

आवाज तोच होता. फुलदाणीची गोष्ट सांगतानाचा.

मी ताटातला गोळा फोडला आणि विचारलं, "मग? आल्या की आधी कुठे नेणार त्यांना?"

काकांनी घास खाली ठेवला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि सांगायला लागले.